मदत हवी आहे : ईव्ह ऑनलाइनमध्ये नवख्यांना जहाज गमावण्याची सवय कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या ऑनलाइन खेळातील आमच्या छोट्या कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, नव्या सभासदांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. सभासद बहुतेक मराठीभाषक असून काही पुण्या-नाशिकचे, तर काही आखाती देशांत राहणारे आहेत. ज्यांनी हा किंवा असाच गुंतागुंतीचा खेळ कोणाला शिकवला आहे, त्यांचा सल्ला मला एका नेमक्या अडचणीवर हवा आहे.

खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आइसलंडच्या सीसीपी गेम्सने २००३ साली सुरू केलेल्या या खेळात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि फुटलेले जहाज कायमचे जाते. विम्याचे काही पैसे मिळतात, परंतु जहाज परत येत नाही आणि त्यातला जो माल स्फोटातून वाचतो तोही बहुधा दुसराच कोणीतरी उचलून नेतो. ज्या सूर्यमालांचा सुरक्षा निर्देशांक ०.५ ते १.० असतो त्यांना हाय-सेक म्हणतात. तेथे कॉनकॉर्ड हे पोलीस दल असल्यामुळे नवखा खेळाडू स्वतःला सुरक्षित समजतो. प्रत्यक्षात कॉनकॉर्ड हल्ला होऊ देत नाही असे नाही, तर हल्ला झाल्यावर हल्लेखोराला शिक्षा करते. त्यामुळे समोरच्या जहाजातील माल आपल्या स्वस्त जहाजांपेक्षा महाग आहे असे दिसले, की काही खेळाडू ती जहाजे जाणार हे धरूनच त्याच्यावर तुटून पडतात, आणि खेळाच्या नियमांत ते बसते.

माझी अडचण येथूनच सुरू होते. नवा सभासद कित्येक आठवडे एकट्याने खाणकाम करतो, साठवलेले सगळे इस्क, म्हणजे खेळातले पैसे, एकाच मोठ्या जहाजात घालतो, ते जहाज एका मिनिटाच्या आत फुटते आणि तो पुन्हा लॉग-इन करत नाही. ‘जे जहाज गमावणे परवडणार नाही ते घेऊन बाहेर पडू नये’ हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. सगळे मान डोलावतात, पण तो नियम पटलेला नसतो, केवळ ऐकलेला असतो.

याउलट, जे सुरुवातीलाच टॅकल शिकतात ते टिकतात, असा माझा अनुभव आहे. फ्रिगेट या स्वस्त, लहान लढाऊ जहाजावर वार्प डिसरप्टर, म्हणजे वार्प ही दूर निसटण्याची झेप रोखणारे यंत्र, बसवून शत्रूच्या मोठ्या जहाजाला पळू न देणे हे काम नवख्यालाही जमते, कारण मोठ्या तोफांना जवळून वेगाने फिरणारे लहान जहाज सहसा टिपता येत नाही. या खेळातील कौशल्ये प्रत्यक्ष घड्याळाच्या वेळेनुसार वाढतात, त्यामुळे आपण अनेक महिने निरुपयोगीच राहणार असे नव्यांना वाटत असते. पहिल्याच आठवड्यात आपल्यामुळे एखादे बॅटलशिप अडकले हे पाहिल्यावर तो समज जातो, आणि त्या झटापटीत स्वतःचे फ्रिगेट गेले तरी त्याचे दुःख राहत नाही.

म्हणून आम्ही कॉर्पोरेशनच्या हँगरमधून अशी फ्रिगेट फुकट देतो आणि सर्वांना लो-सेकमध्ये, म्हणजे कॉनकॉर्ड नसलेल्या कमी सुरक्षेच्या सूर्यमालांत, घेऊन जातो. परंतु फुकटचे जहाज गेल्याने कोणालाच काही लागत नाही. तोच खेळाडू पुढे स्वतःच्या पैशांचे जहाज घेतो तेव्हा पुन्हा सगळी पुंजी त्यातच ओततो. मग पहिले फ्रिगेट त्याला स्वतःच्या कमाईतूनच घ्यायला लावावे का? आणि पहिल्या सत्रात जहाज जवळजवळ नक्की जाणार आहे हे आधी स्पष्ट सांगावे का? न सांगता नेणे मला विश्वासघातासारखे वाटते, पण सांगितल्यावर अर्धे जण येतच नाहीत.

दुसरी शंका देखरेखीविषयी आहे. व्हॉइसवर अनुभवी माणूस ‘आता वार्प कर’ असे सांगत असेल, तर नवखा स्वतः डी-स्कॅन पाहायला शिकत नाही. हे स्कॅनर १४.३ खगोलीय एककांपर्यंतची जहाजे दाखवते, मात्र ते पुन्हापुन्हा दाबण्याची सवय हातालाच लागावी लागते. आपण कोणत्या टप्प्यावर बोलणे थांबवता? काही जण सत्र संपेपर्यंत मौन पाळून नंतर लढाईची चर्चा करतात असे ऐकले आहे. त्यात नवखे गोंधळून जातात की लवकर शिकतात?

२००४ पासून नव्यांना शिकवत आलेल्या ईव्ह युनिव्हर्सिटी या खेळातल्याच कॉर्पोरेशनकडे त्यांना पाठवावे, असे कोणी सुचवील. त्या संस्थेविषयी मला आदर आहे. पण खेळाचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते, आणि तेथील संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे भारतात रात्रीचे साडेबारा. सकाळी नोकरीवर जाणाऱ्यांना ते झेपत नाही. आम्ही शनिवारी रात्री नऊला दोन तास एकत्र खेळतो, तेव्हा त्या दोन तासांत, पाच-सहा नवख्यांसोबत करता येईल असे काही आपण स्वतः करून पाहिले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.