पहिल्या पाळीला जाणाऱ्यानं खायचं कधी?

साचेवाला
मंडळी, वय ४१, घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, काम शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या मोल्डिंग खात्यात. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "अजून शुगर नाही, पण दाराशी आलीय. तीन महिन्यांनी परत बघू. तोवर वेळेवर खा." वेळेवर! सव्वासहाला मी गाडीला किक मारतो वो.

दिवस कसा जातो ते सांगतो, लाजत नाही. उठलो की चहा, बाकी काही नाही. बायको पाचला उठून माझा आणि पोरांचा डबा करते, वर नाष्टा पण कर म्हणायला तोंड होत नाही. साडेनऊला गेटबाहेरच्या गाड्यावर मिसळ, दोन पाव, कट दोनदा मागून. एकला डबा: तीन चपात्या, भात, भाजी. भाजी म्हणजे बटाटा नाहीतर वांगं, दुसरं पोरं खात नाहीत. साडेतीनला सुटून घरी आलो की कांदा-लिंबू मारून भडंग, ताट रिकामं होईपर्यंत. मग पोरांच्या क्लासची ने-आण. जेवायला दहा वाजतात.

बुधवार-रविवार मटण असतं. ते बंद करा म्हणणाऱ्यांनी उत्तर नाही दिलं तरी चालेल.

एक सुधारणा केलीय. घरातली साखर बंद, आता गुळाचा चहा. आणखी काय करू?

कट_जास्त
भावा, बाकी काय पण कर, पण मिसळ सोडलीस तर पेठेत तोंड दाखवू नको.

आहारवाली
मी आहारतज्ज्ञ आहे, राजारामपुरीत असते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. या आकड्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणून डॉक्टरांनी तेवढी मुदत दिली.

गुळाचं ऐकून रागावू नका, कोल्हापूरकराला सांगायचं म्हणजे जिवावर येतं. पण गूळही बहुतेक साखरच आहे. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. दिवसात चहा किती होतात? कारखान्यातले धरून सांगा.

साचेवाला
आज मोजले. आठ. भट्टीजवळ तासातासाला किटली फिरते, आणि ती म्हणजे नुसता पाक.

आहारवाली
कपाला दोन चमचे धरले तर १० ग्रॅम. आठ कपांचे ८० झाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ५० ग्रॅम आहे, त्याच्याही निम्म्यावर आलं तर उत्तम. तुम्ही अजून एक घास खाल्लेला नाही आणि ही मर्यादा ओलांडून बसलाय. मिसळीचं नंतर बघू, आधी किटली.

डबेवाली_काकू
शाहूपुरीत बारा वर्षं मेस चालवली, तुझ्यासारखे पुष्कळ जेवू घातलेत. अरे बाबा, रात्री दहापासून सकाळी साडेनऊपर्यंत पोटात काय, तर चहा. मग कट दोनदा लागणारच की!

रात्री शाळूची एक भाकरी जास्तीची करायची. सकाळी तीच, दही आणि शेंगदाण्याची चटणी. उभ्या उभ्या पाच मिनिटांत होतं. हुलग्याचं पीठ घरात असेल तर माडगं कर, लसणाची फोडणी देऊन. थंडीत त्याच्यासारखं काही नाही.

आणि मिसळीत चांगलं काय असतं? मटकी! ती डब्यात ने. सकाळी भिजत घाल, रात्री उपसून फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड. उसळ असली की एक चपाती आणि भात आपोआप कमी होतो. बायकोला सांगायला तोंड होत नाही म्हणतोस ना, मग तू बांध. साचे भरणाऱ्याला फडक्याची गाठ जड जाणार नाही.

कट_जास्त
काकूंनी जाळ काढला 😄

साचेवाला
तीन आठवड्यांनी लिहितोय. काकू, पहिली मटकी वाया गेली. बांधायची विसरून पातेल्यातच पाण्यात राहिली, आंबूस वास घरभर. बायको काही बोलली नाही, नुसती खिडकी उघडली. दुसऱ्या वेळेला मोड बोटाएवढे आले (बरं, अर्ध्या बोटाएवढे).

चहा तीनवर आलाय. पहिले चार दिवस डोकं ठणकलं, किटलीवाले मामा रुसले ते वेगळंच. आता घरून ताक नेतो. भाकरी खाऊन निघालो की साडेनऊला पहिल्यासारखं कडकडून लागत नाही. मिसळ आठवड्यातून दोनदा, पाव एक, कट एकदा. भडंगाचा डबा बायकोनं माळ्यावर टाकलाय. शिडी लावायचा कंटाळा येतो, त्यामुळं तेही कमी झालं.

पण सोमवारपासून दुसरी पाळी. साडेबाराला रात्री घरी पोचतो आणि थेट भाताचं पातेलं.

आहारवाली
ताकात मीठ बेतानं घाला, रक्तदाबही तपासून घ्या. दुसऱ्या पाळीत आठच्या सुट्टीतच पूर्ण जेवून घ्या, अर्धा डबा परत आणू नका.

डबेवाली_काकू
आणि घरी आल्यावर कपभर दूध, साखर न घालता. पातेल्याकडं बघायचं नाही.

साचेवाला
मी कुठं बघतो काकू, ते माझ्याकडं बघतं.