डायलक्समध्ये (उजेडाचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) २९० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आले, पण वाड्यातला दिवाणखाना अंधाराच दिसतोय. कुठे चुकलं?

कडीपाट_इंदूर
नमस्कार मंडळी, इंदूरला मल्हारगंजात एका जुन्या वाड्याचं काम करतेय, लांबच्या नात्यातले काका आहेत म्हणून जरा जास्तच लाज वाटतेय. दिवाणखाना १५ बाय २० फूट, उंची साधारण ३.२ मीटर, वर सागवानी कडीपाट (काळपट झालेला, काका पॉलिश करू देत नाहीत), खाली कोटा फरशी, भिंती क्रीम रंगाच्या. डायलक्स इव्होमध्ये मॉडेल केलं, १२ वॅटचे १२ सिलिंडर डाउनलाइट तुळयांना लावले, प्रत्येकी ११०० लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड), टेबलाच्या उंचीवर सरासरी २९० आली. मी खूश. परवा लाइट चालू केले तर काका म्हणाले, "अगं ट्यूबलाइट होती तेव्हा बरं दिसत होतं." खरंच आहे ते, खाली उजेडाचे गोल गोल डाग पडतात, माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या आणि वरचं छत गायबच. मोबाइलच्या ॲपवर १९० दाखवतंय. सॉफ्टवेअर खोटं बोलतंय की मी?

लक्समीटरवाला
ताई, आधी ते ॲप काढून टाका. फोनचा सेन्सर स्क्रीनचा ब्राइटनेस ठरवायला असतो, तिरक्या येणाऱ्या उजेडाचा त्याला धड अंदाज नसतो. कुणाकडून खरा लक्समीटर मागून आणा, रात्री मोजा, लाइट अर्धा तास तापू द्या, खोलीत चौकोन आखून प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर रीडिंग घ्या आणि मग सरासरी काढा. आणि स्वतः मीटरवर वाकून उभं राहू नका, हे सगळेच करतात.

आता दोन प्रश्न. छत-भिंत-जमिनीचे रिफ्लेक्टन्स (किती टक्के उजेड परत फेकतात ते) डायलक्सचे ७०-५०-२० तसेच ठेवलेत ना? काळं सागवान ७० टक्के उजेड परत देईल का हो, १०-१५ दिला तरी नशीब. अंदाज हवा असेल तर लाकडावर पांढरा कागद ठेवून मीटर त्याच्यासमोर वीतभर अंतरावर धरा, मग कागद काढून तिथेच पुन्हा धरा, दुसरं रीडिंग भागिले पहिलं गुणिले ८०. अगदी अचूक नाही पण चालतं.

दुसरा, आयईएस फाइल (दिवा कुठल्या दिशेला किती उजेड टाकतो त्याची फाइल) कुठली वापरलीत? जो फिटिंग बसला त्याचीच, की "सेम टाइप" म्हणून दुसऱ्या कंपनीची? आणि बघा, मेंटेनन्स फॅक्टर ०.८ धरला असेल तर तुमची २९० ही काही वर्षं धूळ बसल्यानंतरची आहे, नवीन लाइटला त्याहून जास्त यायला पाहिजे. कमी आलं म्हणजे एकट्या छताचा दोष नाही, माल तपासा.

कडीपाट_इंदूर
हो ७०-५०-२० तसंच होतं 🙈 आणि फाइल दुसऱ्या कंपनीची, कारण ठेकेदाराने दिलेल्या मालाची फाइलच मिळत नव्हती. मीटर आणून मोजते.

बडोदेकर_उजेड
आकडा दुरुस्त कराल, पण ३०० लक्स आले तरी खोली अंधारीच दिसेल असं मला वाटतं. माणूस खोलीत शिरतो तेव्हा टेबलाचा वरचा भाग थोडाच बघतो, समोरची भिंत बघतो. तुमचा सगळा उजेड सरळ खाली कोट्यावर जातो आणि तिथे मरतो. डायलक्समध्ये वर्किंग प्लेनचा, म्हणजे टेबलाच्या उंचीचा, आकडा सोडून भिंतींवरचे लक्स काढून बघा, फॉल्स कलर (लक्सप्रमाणे रंग दाखवणारं चित्र) लावा, भिंत निळी, म्हणजे कमी उजेडाची, दिसेल.

रिचर्ड केली म्हणून अमेरिकेत लाइटिंगवाले होते, १९५२ मध्ये त्यांनी उजेडाचे तीन प्रकार मांडले: सगळीकडचा पसरलेला, एका जागी लक्ष वेधणारा आणि नुसता चमचमणारा. तुमच्याकडे फक्त मधला आहे, तोही बारा वेळा.

आणि वाड्याचं म्हणाल तर तिथे उजेड कधी छतावरून येतच नव्हता! कोनाडे, दिवळ्या, समई, फार तर लोंबती हंडी. म्हणजे बहुतेक उजेड डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याच्या खाली. मी असतो तर निम्मे सिलिंडर काढले असते, दोन लांब भिंतींपासून साधारण मीटरभर आत तुळईलगत ट्रॅक (दिवे अडकवायची पट्टी) टाकून भिंती उजेडाने धुतल्या असत्या आणि कोनाड्यांच्या आत वरच्या कडेला लपवून २७०० केल्विनची (पिवळसर उजेडाची) स्ट्रिप. कडीपाटावर खालून थोडासा उजेड टाका, खोली उजळायला नाही, तुळया दिसाव्यात म्हणून. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर घ्या आणि आर ९ (गडद लाल रंगाचा वेगळा आकडा) किती ते विचारा, सागवानाचा लालसरपणा त्यावरच असतो, नाहीतर लाकूड शेवाळलेलं दिसतं.

भिया_वायरमन
ट्रॅक टाकताय तर डिमरचं आत्ताच ठरवा भिया, सॉरी ताई. पंख्याचा रेग्युलेटर असतो तसला डिमर साध्या ड्रायव्हरवर (एलईडीला करंट देणारा डबा) लावला की लाइट फडफडतो नाहीतर गुणगुणतो. डाली (डिजिटल सिग्नलने डिमिंग) घ्यायची असेल तर मेनच्या सोबत आणखी दोन तारा लागतात, नंतर सांगाल तर जुन्या भिंतीत झिरी मारणार कोण. काका मारू देणार नाहीत.

कडीपाट_इंदूर
अपडेट. खऱ्या मीटरवर सरासरी १६५ आली!! छत १२ टक्के टाकून पुन्हा कॅल्क्युलेट केलं तर २५५, ती ०.८ ने भागली म्हणजे नवीन लाइटला ३२० च्या आसपास पाहिजे होती. निम्मीच. मग एक फिटिंग खोलून बघितला, डेटाशीटमध्ये ३०० मिलीॲम्पचा ड्रायव्हर, आत निघाला २०० चा, वरून पुढे काळी जाळी, जी मीच चकाकी नको म्हणून मागितली होती. ११०० लुमेन डब्यावरच राहिले. ठेकेदार म्हणतो "मॅडम, २०० मध्ये लाइफ जास्त मिळते," ते खोटंही नाही, पण सांगायचं तरी.

काल सहा सिलिंडर उतरवले आणि दोन क्लॅम्प लाइट एका भिंतीकडे वळवून बघितले. टेबलावर मीटरने ११० दाखवले, आधीपेक्षा कमी, आणि काका आत येऊन म्हणाले, "हां, आता जरा उजेड झाला." मी मीटर पर्समध्ये टाकला. ट्रॅक आणि कोनाडे पुढच्या आठवड्यात, डाली नको, दोन वेगवेगळी बटणं पुरे म्हणतात काका. सहा सिलिंडर उरलेत, कुणाला पार्किंगला हवे असतील तर सांगा, लाइफ जास्त आहे म्हणे.