टीएनएफ दिल्यावर एंडोथेलियल पेशी कण सोडतात, मग माझ्या कंट्रोलमध्येही तेवढेच कसे?

पेशीवेडी
नमस्कार सगळ्यांना. एमएससीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट ह्यूवेकवर आहे, म्हणजे नाळेच्या शिरेतून काढलेल्या एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) पेशी. त्यांना २४ तास टीएनएफ अल्फा (शरीरात दाह पेटवणारं प्रथिन) द्यायचा, वरचं मीडियम काढून घ्यायचं आणि त्यात सुटलेले मायक्रोपार्टिकल, म्हणजे पेशीपटलाचे सूक्ष्म कण, फ्लो सायटोमीटरवर (एकेक कण लेझरसमोरून नेऊन मोजणारं मशीन) अॅनेक्सिन व्ही लावून मोजायचे, काम एवढंच आहे. मायक्रोस्कोपखाली फरक अगदी डोळ्यांना दिसतो, कंट्रोलच्या (टीएनएफ न दिलेल्या) पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून, आणि टीएनएफवाल्या लांबुळक्या झालेल्या, मधे फटी पडलेल्या, काहींच्या कडेला बारीक फुगे. पण मशीनवर गेलं की दोन्हीकडे जवळपास सारखेच कण!! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.
लॅबमधले सीनियर म्हणतात हा नुसता मेलेल्या पेशींचा कचरा आहे, त्यात एवढं काय बघायचं. मला ते पटत नाहीये पण उत्तरही देता येत नाहीये. पेशी हे कण मुद्दाम सोडते का? आणि माझं चुकतंय कुठे?

लिपिडवाला
कचरा म्हणायची सवय जुनी आहे. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी प्लेटलेटमधून सुटणारे असे कण दाखवले तेव्हा त्यांनाही 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं गेलं, आणि त्याच्याही आधी १९४६ मध्ये चारगाफ आणि वेस्ट यांना दिसलं होतं की प्लेटलेट काढून टाकलेला प्लाझ्मा खूप वेगाने फिरवला की त्याची गोठायची ताकद कमी होते, म्हणजे तळाशी बसलेल्या त्या गाळात काहीतरी कामाचं होतंच.

आता मुद्दाम का ते सांगतो. पेशीपटलाला दोन पदर असतात आणि ते सारखे नसतात, फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड (तुझं अॅनेक्सिन चिकटतं ते यालाच) जवळजवळ सगळं आतल्या पदरात असतं आणि ते तिथेच राहावं म्हणून फ्लिपेज नावाची प्रथिनं एटीपी खर्चून त्याला सतत आत ओढत असतात. पेशीवर ताण आला की आत कॅल्शियम वाढतं, त्याने फ्लिपेज थंडावतात आणि स्क्रॅम्बलेज जागे होतात, ते दोन्ही पदरांतली लिपिडं सरमिसळ करून टाकतात. त्याच कॅल्शियमने कॅल्पेन नावाचं एन्झाइम सुरू होतं आणि ते पटलाला आतून धरून ठेवणारा सांगाडा तोडतं. तंबूच्या आतल्या दोऱ्या एका जागी कापल्या तर तिथलं कापड सैल पडून बाहेर फुगेल ना, तसं होतं, आणि रो कायनेज या एन्झाइममुळे आतल्या अॅक्टिन-मायोसिनच्या तंतूंचा सांगाडा आवळला जातो, तो त्या फुग्याला रेटा देतो. फुगा गळ्याशी तुटला की झाला कण. टीएनएफच्या बाबतीत पी३८ मॅप कायनेज या पेशीत निरोप पोचवणाऱ्या एन्झाइमचाही यात हात आहे. या सगळ्यात पेशी मरायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

स्क्रॅम्बलेज किती महत्त्वाचं हे बघायचं असेल तर स्कॉट सिंड्रोम वाच, फार दुर्मिळ आजार, त्या लोकांच्या प्लेटलेटला फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आणता येत नाही, कणही नीट सुटत नाहीत आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही. त्यामागचं टीएमईएम१६एफ हे प्रथिन २०१० मध्ये सापडलं.

एक मात्र, तुला कडेला जे फुगे दिसले ते मोजायचे कण नव्हेत. हे कण साधारण १०० ते १००० नॅनोमीटरचे, साध्या मायक्रोस्कोपला २०० च्या आसपास हात टेकावे लागतात. तुला दिसले ते मोठे ब्लेब, म्हणजे पटलाला आलेले फुगवटे, त्यातले बरेच परत आतही ओढले जातात.

फ्लोरूम
वरचं सगळं बरोबर आहे पण तिची अडचण माझ्या मते पेशीत नाहीच, बाटलीत आहे. पेशीवेडी, मीडियममध्ये सीरम किती टक्के आहे? एफबीएस हे गायीच्या वासराचं सीरम, त्यात त्याचे स्वतःचे व्हेसिकल (पटलाच्या बारीक पिशव्या, तुझ्या कणांसारख्याच) खच्चून भरलेले असतात आणि त्यांच्यावरही फॉस्फॅटिडिलसेरीन असतं. अॅनेक्सिनला माणूस कोण आणि वासरू कोण हे कळत नाही गं. तू पेशी मोजतेयस असं तुला वाटतंय आणि मोजतेयस सीरम.

आधी एक सोपी गोष्ट कर, पेशी न टाकता नुसतं मीडियम तेवढेच २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेव आणि तसंच मशीनवर चालव. जो आकडा येईल तो दोन्हीतून वजा होणारा आहे.

दुसरं, अॅनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं, तर त्याचं बफर कशात केलंयस? पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं बफर) कॅल्शियम घातलं असेल तर तिथेच थांब. फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून इतके बारीक स्फटिक होतात की मशीनला ते हुबेहूब कणांसारखे दिसतात. मी स्वतः यात दोन महिने घालवलेत, टीएनएफचा डोस वाढवला की कण वाढत होते म्हणून खूश होते, आणि एक दिवस नुसतं बफर चालवलं तर त्यातही ढग! तेव्हापासून हेपेस बफर, ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं, आणि रोज सकाळी सगळ्यात आधी नुसतं बफर चालवून बघायचं, त्याशिवाय सँपलला हात लावायचा नाही.

मग ट्रायटन. मोजून झालेल्या ट्यूबमध्ये ०.१ टक्के ट्रायटन (पटल विरघळवणारा डिटर्जंट) घालून परत मोज. खरे पटलाचे कण विरघळून जातात, स्फटिक आणि प्रथिनांच्या गुठळ्या तशाच राहतात. आणि एका ट्यूबमध्ये अॅनेक्सिन घालून कॅल्शियम काढून घे, तिथे सिग्नल खाली यायलाच हवा.

सीरम काढूनच टाकू असं मनात येईल, पण पूर्ण २४ तास उपाशी ठेवलेल्या ह्यूवेक मरायला लागतात आणि मग तुझ्या सीनियरचंच खरं होतं. त्यापेक्षा सीरम १,००,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) रात्रभर फिरवून वरचं वापर, आणि अॅनेक्सिनबरोबर माणसाचं सीडी१४४ किंवा सीडी३१ (एंडोथेलियल पेशींवरची खुणेची प्रथिनं) ओळखणारी अँटिबॉडी लाव.

वॉर्डातून_लॅबकडे
मी डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तात हेच मोजते म्हणून थोडं माझ्या बाजूने. तुझं एक बरंय, तुझ्या ट्यूबमध्ये प्लेटलेट नाहीत. रक्तात हे जे कण असतात त्यातले बहुतेक प्लेटलेटकडून आलेले, एंडोथेलियमचे त्यात मूठभर. त्यात सीडी३१ दोघांवरही असतं, म्हणून सीडी३१ आहे आणि सीडी४१ (प्लेटलेटची खूण) नाही असेच धरावे लागतात. रक्त सायट्रेटमध्ये (ते गोठू नये म्हणून) घ्यायचं, २५०० जी ला १५ मिनिटं, तेही दोनदा, कारण एखादी प्लेटलेट जरी राहिली आणि सँपल फ्रीझरमध्ये गेलं तर वितळताना ती फुटून नवे कण तयार होतात आणि मग आजार मोजतोय की फ्रीझर मोजतोय काही कळत नाही.

त्रास घ्यायचं कारण असं की एंडोथेलियमला काय होतंय हे जिवंत माणसात थेट बघताच येत नाही, आपण त्या अस्तराची बायोप्सी तर घेत नाही. किडनीच्या आजारात रक्तात साठणारी पी-क्रेसॉल आणि इंडॉक्सिल सल्फेट ही द्रव्यं ह्यूवेकवर घातली तरी कण वाढतात, आणि पेशंटच्या रक्तातही ते वाढलेले दिसतात. हे कण म्हणजे त्या अस्तराने पाठवलेली खबर आहे. फक्त वाईटच खबर असंही नाही, काही कणांवर टिश्यू फॅक्टर असतो जो रक्त गोठवतो, तर काहींवर प्रोटीन सी चा रिसेप्टर असतो जो उलट गोठणं आवरतो.

आणि एक, तुझ्या कंट्रोल पेशीही काही निवांत नाहीत. रक्तवाहिनीत त्यांच्यावरून सतत प्रवाह जात असतो, डिशमध्ये सगळं साचलेलं. मंद प्रवाहात पेशी जास्त कण सोडतात, जोरकस एकसारख्या प्रवाहात कमी. त्यामुळे कंट्रोल शून्यावर येईल ही अपेक्षाच धरू नकोस.

पेशीवेडी
सगळ्यांचे खूप खूप आभार. फ्लोरूम ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. बफर पीबीएसमध्येच होतं. नवं हेपेस बफर केलं, गाळून घेतलं, तर स्क्रीन आधी जवळजवळ रिकामी आली, मला वाटलं मशीन बंद पडलं. नुसत्या मीडियममध्ये मात्र भरपूर कण, ट्रायटनने गेलेही, म्हणजे ते खरेच व्हेसिकल पण वासराचे. सीरम फिरवून आणि सीडी१४४ लावून आज पहिल्यांदा टीएनएफवाला ढग कंट्रोलपेक्षा वेगळा उठून दिसला. एकदाच झालंय, अजून दोनदा करायचंय. सीनियरना दाखवलं तर म्हणाले, मग हे मरणाऱ्या पेशींचे नाहीत कशावरून?

लिपिडवाला
प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर तुला द्यावंच लागेल. कॅस्पेज (पेशीचं मरण घडवून आणणारी एन्झाइम) अडवणारं झेडव्हॅड घालून एक सेट लाव, कण तरीही सुटत असतील तर ते सगळे अॅपोप्टोसिसचे, म्हणजे पेशीच्या आखीव मरणाचे, नाहीत. सोबत सीडी६२ई बघ, टीएनएफने चेतवलेल्या पेशी हे ई-सिलेक्टिन पटलावर आणतात आणि त्यांच्या कणांवरही ते मिळतं, मरणाऱ्या पेशींच्या कणांवर सीडी३१ चं पारडं जड असतं. आणि मीडियम काढल्यावर डिशमधल्या पेशी मोजायला विसरू नकोस, टीएनएफवाल्या डिशमध्ये पेशी कमी उरल्या असतील तर कण दर लाख पेशींमागे किती, असं लिहावं लागेल. लिहिताना मायक्रोपार्टिकलऐवजी एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल म्हण आणि आकार सोबत दे, त्या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीच्या २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात, परीक्षक आधी तेच विचारतील.

फ्लोरूम
झेडव्हॅड डीएमएसओमध्ये विरघळवशील ना, मग नुसत्या डीएमएसओचीही एक डिश लाव. दोन्ही रिपीट झाले की आकडे इथे टाक, वाट बघतेय.