न्यूयॉर्क आणि जर्सी सिटी: राहते घर पाहुण्यांना देण्याचे नियम

धागाकर्ती (जर्सी सिटी)

काल येथे एका सदस्याने लिहिले की, थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावर न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून जी कडक अंमलबजावणी सुरू केली, तीच नदीपलीकडच्या, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीने जशीच्या तशी उचलावी. ‘जशीच्या तशी’ हे शब्द मला फार खटकले. न्यूयॉर्कच्या २०२२ च्या स्थानिक कायदा क्रमांक १८ प्रमाणे ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे, तर शहराकडे नोंदणी करावी लागते, घरच्या माणसाने पाहुण्यांसोबत त्याच घरात मुक्कामाला असावे लागते आणि पाहुणे दोनांपेक्षा जास्त चालत नाहीत. जर्सी सिटीचा नियम नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांनी स्वतः कौल देऊन कायम केला. त्यात भाडेकरूला हा व्यवसाय करता येत नाही, मालक जागेवर राहत नसेल तर वर्षाला ६० रात्रींची मर्यादा आहे, आणि मालक तेथेच राहत असेल तर ती मर्यादा त्याला लागू नाही.

आमचे दोन कुटुंबांचे घर आहे. वर आम्ही राहतो, खालचा मजला पाहुण्यांना देतो आणि घराच्या कर्जाचा मोठा वाटा त्यातून फिटतो. माझ्या नणंदेचे न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातले घर अगदी असेच आहे, पण तिला हे करता येत नाही, कारण खालचा मजला वेगळे घर धरला जातो आणि ती त्या दाराच्या आत राहत नाही. स्वतःच्या जिन्याखाली कोण उतरले आहे यावर चोवीस तास जिचे लक्ष आहे, तिला आणि दहा फ्लॅट घेऊन परगावी बसलेल्या माणसाला एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

क्वीन्समधील भाडेकरू

ताई, तुमच्या नणंदेविषयी मला राग नाही, पण मी २०१७ मध्ये जे भोगले तेही ऐका. आमच्या सहा घरांच्या इमारतीत मालकाने दोन बिऱ्हाडांचे करार संपल्यावर वाढवले नाहीत, आणि महिन्याभरात फाटकाच्या गजांना पाहुण्यांसाठी किल्ल्या ठेवण्याच्या, चार आकडे जुळवून उघडणाऱ्या डब्या लटकू लागल्या. रात्री दोन वाजता लाकडी जिन्यावर बॅगांची चाके पायरी-पायरीवर आपटत वर जात. माझी तीन वर्षांची मुलगी दचकून उठे आणि मग पहाटेपर्यंत झोपत नसे. अखेर आम्हालाच घर सोडावे लागले.

तुमच्याकडच्या ६० रात्री मोजतो कोण? न्यूयॉर्कमध्ये अशी घरे पाहुण्यांना मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाला घराचा नोंदणी क्रमांक पडताळल्याशिवाय पैसे घेता येत नाहीत. हा कायदा चालतो तो याच कलमाच्या बळावर, नाहीतर पूर्वीचे नियम मोडण्याची कोणाला भीती नव्हती.

एडिसनमधील सदस्या

या वादात पाहुण्यांचा विचार कोणीच करत नाही, याचे मला वाईट वाटते. मुलाच्या पदवीदानासाठी पुण्याहून सासू-सासरे आणि माझी आई असे तिघे आले. तिघांना एकत्र राहता येईल आणि सकाळी मऊ भात टाकता येईल, अशी जागा मॅनहॅटनमध्ये मिळेना. हॉटेलच्या दोन खोल्या घ्याव्या लागल्या आणि भात विजेच्या किटलीत शिजवण्याची वेळ आली. ‘तीस दिवसांसाठी घ्या’ असा सल्ला सर्वांनी दिला, पण चार दिवसांच्या कामासाठी महिन्याचे भाडे कोण भरणार?

ब्रुकलिनमधील घरमालक

तीस दिवसांचा सल्ला देणाऱ्यांना घरमालकाची स्थिती ठाऊक नाही. सलग ३० दिवस राहिलेल्या माणसाला न्यूयॉर्क शहरात न्यायालयात गेल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. मी दोन महिन्यांसाठी एका गृहस्थांना वरची खोली दिली. ते सात महिने राहिले आणि शेवटचे पाच महिने त्यांनी एक डॉलरही दिला नाही. माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या पत्नीला संकोचून वावरावे लागले. थोड्या दिवसांचा पाहुणा बंद केला, तर मालकापुढे हा धोका पत्करणे किंवा जागा रिकामी ठेवणे एवढेच उरते. मी रिकामी ठेवली आहे.

क्वीन्समधील भाडेकरू

त्या न्यायालयाच्या अटीमुळेच आमच्यासारख्यांचे सामान रातोरात रस्त्यावर येत नाही. तुमचे पाच महिन्यांचे भाडे बुडाले याचे दुःख मानतो, पण तेवढ्यावरून भाडेकरूंचे संरक्षण काढा असे म्हणणार असाल, तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

ब्रुकलिनमधील घरमालक

मी ‘काढा’ असे कोठेही म्हटलेले नाही. कृपया माझ्या तोंडी शब्द घालू नका. मालक म्हणजे शोषक हे आधीच ठरवून तुम्ही लिहीत आहात. बावीस वर्षे टॅक्सी चालवून मी हे घर घेतले आहे.

धागाकर्ती

दोघांनाही विनंती आहे की, मूळ प्रश्नाकडे या. भाऊ, रात्री मोजण्याविषयीचा तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. आमच्याच गल्लीतील एका घराचा मालक जागेवर राहत नाही आणि तेथे मे ते सप्टेंबर रोज नवी गाडी उभी असते, हे मी स्वतः पाहते. तेव्हा ६० रात्री केव्हाच उलटल्या असणार. पडताळणीशिवाय पैसे घेता येऊ नयेत, हे कलम आमच्याकडेही काटेकोरपणे लावावे. पण मालक त्याच वास्तूत राहत असेल, तर त्याला खालचा मजला देण्याची मोकळीक क्वीन्समध्येही असावी, हे तुम्हाला का पटू नये?

क्वीन्समधील भाडेकरू

दोन कुटुंबांचेच घर असेल, मालक खरोखर तेथे राहत असेल आणि त्या मजल्यावरून कोणा भाडेकरूला उठवलेले नसेल, तर माझी हरकत नाही. सहा घरांच्या इमारतीला मात्र ही सवलत मी कधीही मान्य करणार नाही. आणि त्या मजल्यावर आधी कोण राहत होते, हे नोंदणीच्या अर्जात विचारले गेले पाहिजे.