निष्ठा काय नवरा-बायकोपुरतीच?

कुणीतरी म्हटलंय, परस्त्रीकडे पाहिलं नाही की निष्ठा झाली. एवढ्यावर भागतंय होय? आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ख्रिस्ती लग्नांत बायबलमधल्या रूथचं वचन हौसेनं वाचतात, तू जाशील तिकडे मी येईन. पण ते नवऱ्याला उद्देशून नाहीच! विधवा सून सासूला, नामीला, म्हणतेय. माहेरी, मवाब देशात, परतायची पूर्ण मोकळीक असताना. (जाऊ अर्पा रडली अन् परतली. तिला मी नावं ठेवणार नाही.)

खानापुरात ओळखीची एक सून, नवरा गेला तरी सासूला दर रविवारी हात धरून चर्चला आणते, चष्मा पुसते, गीताचं पान काढून देते. वर सासू तिच्यावरच खेकसते. लग्नाआधी पाळकसाहेब जोडप्याला समजावायला बसवतात, तेव्हा म्हाताऱ्यांचाही विषय काढावा की!