अँटी-टँक रायफल घरी ठेवायला नोंदणी कशाला? (अमेरिकेतला कायदा)

फिनिक्सकर:
इकडे ॲरिझोनात ओळखीतल्या एका आजोबांकडे बॉइज रायफल आहे, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश अँटी-टँक, .५५ कॅलिबर (म्हणजे नळीचं भोक .५५ इंच), वजन १६ किलो. परवा वाळवंटात नेऊन त्यांनी मलाही बार काढू दिला. मॅगझिन वरून बसतं म्हणून साइट डावीकडे सरकवलेली, चाप ओढला की अख्खी नळी चौकटीवर मागे सरकते आणि तरी खांद्याचा पार भुगा होतो, वर पुढून एवढी धूळ उडते की नेम लागला का तेच दिसत नाही. जर्मनीचे जाड चिलखताचे रणगाडे आले आणि ही निकामी ठरली. तरी आज विकत घ्यायची तर सरकारदरबारी ही 'डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस' (विध्वंसक साधन), अर्ज करा, बोटांचे ठसे द्या, फोटो द्या, २०० डॉलर टॅक्स भरा. का, तर बोअर, म्हणजे नळीचं भोक, अर्ध्या इंचाहून मोठा. हिलाच .५० ची नळी बसवली की साधी रायफल! बऱ्याच जणांनी तेच करून चांगल्या जुन्या बंदुकांची वाट लावलीय. १६ किलोचं धूड घेऊन कोण दरोडा घालतंय? काढून टाका हा नियम.

खडूस_काकू:
घातलाय की. १९६५, सिराक्यूज, न्यूयॉर्क. ब्रिंक्स या रोकड सांभाळणाऱ्या कंपनीची तिजोरी चोरांनी २० मिमीच्या लाहटी अँटी-टँक रायफलीने फोडली. ही फिनलंडची, ५० किलोच्या आसपास, तुझ्या बॉइजची थोरली बहीण. तेव्हा असलं सामान मासिकातली जाहिरात बघून घरबसल्या मागवता यायचं. ही नोंदणी आणणाऱ्या १९६८ च्या कायद्यामागे केनेडींचा खून वगैरे मोठी कारणं होती, मान्य, पण अर्ध्या इंचाची रेघ काय उगाच ओढली नाही.

फिनिक्सकर:
काकू, साठ वर्षांपूर्वीची एक केस! नोंदणी आल्यानंतरची दाखवा.

खडूस_काकू:
अरे तेच तर म्हणतेय. गुन्हे होत नाहीत म्हणून कायदा काढा म्हणतोस, आणि होत नाहीत ते कायदा आहे म्हणून हे दिसत नाही तुला. .५० च्या रायफलींना ही नोंदणी नाही ना, मग त्या तुझ्याच राज्यातून मेक्सिकोच्या टोळ्यांकडे जातात, ते बघ जरा. कॅलिफोर्नियाने २००५ पासून नव्या .५० बीएमजी (त्याच .५० च्या जड काडतुसाच्या) रायफली बंद केल्या ते बरंच केलं.

पुणेरी_नेमबाज:
दोघंही नशीबवान आहात राव. इथे भारतात .३०३ म्हणजे प्रोहिबिटेड (बंदी असलेला) बोअर, सामान्य माणसाने .३१५ वर समाधान मानायचं, त्यात २०१९ च्या दुरुस्तीने तीनाच्या जागी दोनच हत्यारं. आणि आपल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ७.६२ ची बोल्ट ॲक्शन रायफल तिकडे सरप्लस (लष्कराचा जुना माल) म्हणून लोक हौसेने घेऊन बसलेत. नोंदणीला माझी ना नाही, सरसकट बंदीला आहे. कॅलिफोर्नियाचं कौतुक मला तरी पटलं नाही.

रांगेतला_देशी:
हे वाचून रेंजवर पळणाऱ्या एच-१बी वाल्यांनो, जरा थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणंच गुन्हा आहे, मालकी लांबची गोष्ट. हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दोन बारांच्या हौसेपायी व्हिसा घालवू नका.

नगरी_ठसका:
हौस एवढीच असेल तर आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात या, पोटभर बघा. उडवायची कशाला?

फिनिक्सकर:
बघून खांदा दुखत नाही हो 😄 बरं काकू, नोंदणी ठेवा हवी तर. पण सायलेन्सरवरचा टॅक्स २०२६ पासून शून्य केला आणि या म्हाताऱ्या रायफलीवर २०० तसेच, हा कुठला न्याय?

खडूस_काकू:
टॅक्सचा आकडा १९३४ पासून २०० च आहे, महागाईने आपोआप स्वस्त झालाय. आणि लाहटीचा स्फोटक गोळा असेल तर प्रत्येक गोळ्याची वेगळी नोंदणी, वेगळे २०० हेही सांग ना लोकांना. ते जाऊ दे, बॉइजचं एक काडतूस आज कितीला पडतं ते आधी लिही, मग टॅक्सचं रड.