नाताळचा डॉक्टर: कोणाबरोबर पाहिलात?

पेरूची_फांदी (धागाकर्ती)

यंदा, २०२५च्या नाताळला, 'डॉक्टर हू'चा स्पेशल (नाताळचा खास भाग) नाही. ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका; डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी, तो मरायच्या वेळी रूप बदलतो, म्हणून नट बदलत राहतात. २०२४चा 'जॉय टू द वर्ल्ड' हा त्याआधीचा शेवटचा. २०२५च्या मे महिन्यात डॉक्टर झालेला शूटी गटवा बाहेर पडला. ऑक्टोबरात बीबीसीने सांगून टाकलं की डिस्नेशी असलेली भागीदारी संपली आणि पुढचा स्पेशल थेट २०२६च्या नाताळला, मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिसच लिहिणार. म्हणजे आता वर्षभराचा उपास. उपासाच्या दिवशी जेवणाच्या गप्पा जास्त रंगतात, म्हणून हा धागा काढलाय.

कथानकाचा सारांश नको, तो कुठेही मिळतो. तुम्ही कोणाबरोबर पाहिलात, तेव्हा घरात काय झालं, ते लिहा. माझं ठाम मत असं की ही मालिका वर्षभर चाहत्यांसाठी असते आणि २५ डिसेंबरला चाहत्यांच्या घरच्यांसाठी. ज्यांना टार्डिस (डॉक्टरचं कालयान) म्हणजे काय हे माहीत नाही, जे जेवून पेंगतायत, ज्यांच्या हातात रिमोट आहे, त्यांच्यासाठी.

सुरुवात मी करते. २००७, 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड'. सासूबाई सांगलीहून आलेल्या. इंग्लंडात नाताळच्या दिवशी रेल्वे बंद, बस बंद, दुकानं बंद. आपल्याकडे सणाला रस्ते फुलतात, इथे चिटपाखरू नसतं, हे त्यांना सकाळपासून खटकत होतं. संध्याकाळी टीव्हीवर तेव्हाचा डॉक्टर डेव्हिड टेनंट आणि गायिका कायली मिनोग लंडनच्या रस्त्यावर उतरले तर तिथेही कोणी नाही. का, तर मागच्या दोन्ही नाताळांना परग्रहवाल्यांनी हल्ला केला होता, म्हणून लोक गाव सोडून गेलेत. एक म्हातारा पेपरवाला तेवढा राहिलाय आणि राजवाड्यात राणी. सासूबाई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "तरीच!"

पुढे टायटॅनिक नावाचं अवकाशयान राजवाड्यावर कोसळता कोसळता वाचतं आणि राणी केसांना रोलर्स लावून, गाऊनवर बाहेर येऊन हात हलवते. हे त्यांनी सांगलीला फोन करून तीन घरी सांगितलं. कायली मरते तेव्हा मात्र चिडल्या: "सणासुदीचं कशाला मारायचं?" ब्रिटनमध्ये १ कोटी ३३ लाख लोकांनी हा भाग पाहिला. टायटॅनिकच्या खऱ्या अपघातातून वाचलेल्या शेवटच्या बाई तेव्हा हयात होत्या आणि त्यांनी या नावाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ते वाचल्यावर सासूबाईंची राणीवरची हौस थोडी उतरली.

लिहिते व्हा.

चहाबाज

मस्त धागा! 'द क्रिसमस इन्व्हेजन', २००५. टेनंटचा पहिला पूर्ण भाग आणि गडी निम्म्याहून जास्त वेळ पायजम्यात झोपलेला. बाबा म्हणाले, याला पैसे कशाचे देतात? मग थर्मासमधला चहा सांडतो, त्याची वाफ नाकात जाते आणि साहेब उठतात. त्या क्षणी आमच्या घराने ही मालिका दत्तक घेतली. चहाने माणूस उठतो हे विज्ञान आम्हाला आधीपासून मान्य होतं.

शेवटी बर्फ पडतं आणि सगळे खूश, आणि मग कळतं की ती जळलेल्या यानाची राख आहे. आई म्हणाली, "म्हणजे ती माणसंच ना, आत होती ती?" त्या प्रश्नावर घरात चांगलाच वाद झाला. पंतप्रधान हॅरिएट जोन्सने माघार घेऊन निघालेल्या यानावर वार केला हे बरोबर की चूक? बाबा तिच्या बाजूने. अजूनही.

नाही_पटलं

मी मुद्दाम उलटं लिहितो. स्पेशल घरच्यांसाठी असतात हे खरं असेल, तर २०१३चा 'द टाइम ऑफ द डॉक्टर' कोणासाठी होता? मॅट स्मिथ डॉक्टर असतानाची सगळी वर्षं, भिंतीतली भेग, सायलेन्सवाले, ट्रेन्झलोर, सगळं तासाभरात कोंबलेलं. पाहुण्यांनी घर भरलेलं आणि मी दर पाच मिनिटांनी निरूपण करतोय. मावशींना एवढंच कळलं की गावाचं नाव ख्रिसमस आहे आणि हिरो विग काढतो. "हा टकला कधी झाला?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायला आणखी दोन भाग लागले असते.

आणि २०११चा तो जंगलवाला. बर्फ, गोड मुलं, युद्धात हरवलेला बाप, आईचं प्रेम, बाप परत. प्रत्येक गोष्ट आधीच दिसत होती. नाताळ आहे म्हणून लेखकाला सगळं माफ, हे मला पटत नाही.

पेरूची_फांदी

२०११बद्दल भांडणार नाही. २०१३बद्दल भांडेन, पण जेवण करून येते.

रात्रपाळी

मी मिडलंड्समधल्या एका सरकारी रुग्णालयात काम करते. २०२०च्या डिसेंबरात आमच्या वॉर्डात भेटायला कोणाला येऊ देत नव्हते. टॅब्लेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेशंटच्या चेहऱ्यासमोर धरायचा हे आमचं काम होतं. पलीकडे कुटुंब, कधी पाच चौकोनांत पाच घरं. कोणी गाणं म्हणायचं, कोणी नुसतंच "मम्, मम्" करायचं. आवाज तुटला की आम्ही कोरड्या आवाजात सांगायचो, जरा खिडकीजवळ जा, नेटवर्क येईल. एवढंच हातात होतं.

'जॉय टू द वर्ल्ड' लावताना यातलं काही ठाऊक नव्हतं. हॉटेल, दारं उघडली की वेगवेगळे काळ, डायनोसॉर सुटकेस गिळतो, सगळं हसतखेळत चाललेलं. आणि मग निकोला कॉकलनची जॉय एकदम फुटते. तिची आई २०२०च्या नाताळला वारली, ही नियम पाळून बाहेर राहिली, आणि ज्यांनी नियम केले ते पार्ट्या करत होते. नवरा रिमोट घ्यायला उठला. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी वाचलं की काहींना हे ओढूनताणून वाटलं, नाताळच्या दिवशी कशाला जखम उकरायची वगैरे. मला वाटतं, त्याच दिवशी बोलायला हवं होतं. त्या वर्षाबद्दल इथे कोणी बोलतच नाही. वॉर्डातसुद्धा नाही. आम्ही एकत्र काम केलेल्या चौघीजणी आहोत, आणि त्या भागानंतर पहिल्यांदा आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "तुम्ही पाहिलं का?" बाकी काही नाही. मग रात्री उशिरापर्यंत एकेक जण लिहीत राहिली. कोणत्या बेडवर कोण होतं ते सगळ्यांना आठवत होतं.

शेवटी तो तारा त्या रुग्णालयाच्या खिडकीतून आईला दिसतो. शास्त्रीयदृष्ट्या त्याला काही अर्थ नाही, मला कळतं. मला चालला.

बाकी, त्या भागातलं सगळ्यात चांगलं ते ॲनिटाचं. डॉक्टर वर्षभर एका साध्या हॉटेलात अडकतो, तिथल्या बाईशी मैत्री होते, आणि त्याच्या लक्षात येतं की टार्डिसमध्ये बसायला खुर्चीच नाही. सलग ड्यूट्या करणाऱ्याला खुर्चीची किंमत सांगायला नको.

चहाबाज

काय लिहू. वाचलं एवढंच सांगतो.

मांडवीकाठ

आमच्याकडे गोव्यात हे जरा वेगळं. नाताळ बाजूच्या घरात, आम्ही पाहुणे. सकाळी शेजारच्या आँटीकडून ताट येतं: नेवऱ्या, दोदोल, बेबिंक. चवथीला आमच्याकडून ताट जातं. २०२४ला रात्री उशिरा आमच्या मुलाने स्पेशल लावला तेव्हा आँटी आणि त्यांची भाची आमच्याच हॉलमध्ये होत्या.

आँटींची तक्रार अशी की यात झाड आहे, बर्फ आहे, भेटवस्तू आहेत, पण प्रार्थना कुठे? हा नाताळ की सेल? मी म्हटलं, थांबा. तर शेवटी काय, जॉयचा तारा झाला आणि जमिनीवर गाव कोणतं, तर बेथलेहेम! भाची टाळ्या वाजवायला लागली. आँटी उठून बसल्या: "सायबा भोगोस (देवा, क्षमा कर)! तो तारा ह्यांनी केला?" मग दोघींची जी जुंपली. भाचीचं म्हणणं, तारा कुठून आला हे पवित्र पुस्तकात कुठे लिहिलंय? आँटींचं म्हणणं, लिहिलेलं नाही म्हणून कंपनीच्या शस्त्रातून आला म्हणायचं?

मला विचाराल तर आँटींचा मुद्दा बिनतोड आहे. कथेत तो तारा एका शस्त्रास्त्र कंपनीने ऊर्जेसाठी पेरलेला असतो. सुंदर दिसतो म्हणून ते विसरायचं का? पण आँटी पुढच्या वर्षी पण बघायला येणार होत्या, हेही सांगतो. आता त्यांना सांगावं लागणार की यंदा नाही.

पीएल_ग्रस्त

२००९. पुण्यातलं हॉस्टेल, परीक्षा संपत आलेल्या. 'द एंड ऑफ टाइम'चा पहिला भाग २५ डिसेंबरला, दुसरा १ जानेवारीला. लॅनवर कोणीतरी टाकला की ज्याच्या खोलीतला मॉनिटर मोठा, तिथे गर्दी. तीन जण मालिका पाहणारे, बाकीचे नुसते हिटरपाशी बसायला आलेले.

"चार टकटक" अशी भविष्यवाणी असते आणि आम्ही सगळे धरून चाललेलो की ते मोठ्या खलनायकाचं काम. ते सगळं संपतं, डॉक्टर जिवंत आहे, आणि तेवढ्यात काचेच्या खोलीत अडकलेला विल्फ, तोच आधीचा पेपरवाला म्हातारा, हळूच दार वाजवतो. चारदा. त्याला बाहेर काढायचं तर किरणोत्सर्ग डॉक्टरने अंगावर घ्यायचा. खोलीत कोणी बोलेना. हिटरवाल्यांतला एक, नांदेडचा, एकदम म्हणाला, "म्हाताऱ्यासाठी मरतोय राव हा." आणि त्याने पहिल्या सीझनपासून मागून घेतलं.

विल्फचं काम करणारे बर्नार्ड क्रिबिन्स २०२२मध्ये गेले. त्यांचं शेवटचं दर्शन २०२३च्या डिसेंबरात झालं तेव्हा त्या नांदेडवाल्याचा मला फोन आला. आम्ही एरवी वाढदिवसालाही बोलत नाही.

दर्यावर्दी_रत्नागिरी

नवरा जहाजावर असणाऱ्यांनी 'द हजबंड्स ऑफ रिव्हर साँग' एकटीने बघू नये. रिव्हर ही डॉक्टरची बायको, आणि शेवटी दोघांना २४ वर्षांची एक रात्र म्हणे. इथे सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट नऊचं होतं. पुढे लिहीत नाही.

खडकीवाला

२०१७, 'ट्वाइस अपॉन अ टाइम'. डॉक्टर झालेल्या कपाल्डीचा निरोप, शेवटी नवी डॉक्टर जोडी व्हिटेकर टार्डिसमधून खाली. घरात बाकीचे त्यात. मी अडकलो पहिल्या महायुद्धातल्या, बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकात. १९१४चा नाताळ, दोन्हीकडचे सैनिक गाणी म्हणत बाहेर येतात, आणि मरायला टेकलेला ब्रिटिश कॅप्टन त्यामुळे वाचतो. प्रसंग अप्रतिम आहे, वाद नाही.

पण आम्ही खडकीचे. इथल्या सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या त्याच आघाडीवर, २८ ऑक्टोबर १९१४ला फ्रान्समधल्या न्यव शापेलला, पायदळासारख्या हल्ल्यात घातल्या गेल्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं गल्लीबोळांत संगिनी घेऊन लढली. अतोनात हानी झाली. नाताळच्या जेमतेम दोन महिने आधी. आज त्याच गावात हिंदी सैनिकांचं मोठं स्मारक आहे. त्यामुळे त्या दृश्यात माझी नजर एखादा फेटा दिसतो का तेच शोधत होती.

हे मालिकेवर आरोप म्हणून लिहीत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी फाळणीवर 'डीमन्स ऑफ द पंजाब' केला, तोही नेमका ११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, दाखवला. ते त्यांच्या लक्षात होतं.

नाही_पटलं

@खडकीवाला, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. धाग्यावर आल्याचं सार्थक.

आजीची_नात_आणि_नातीची_आई

२०२३, 'द चर्च ऑन रूबी रोड'. गॉब्लिन लोक बाळ पळवतात आणि ते खाण्याचं गाणं म्हणतात. गाणं भयंकर चिकटतं. माझी सहा वर्षांची मुलगी ते पाठ करून नाशिकला गेली आणि बारशाला, हो, बारशाला, पाळण्यापाशी उभी राहून म्हणायला लागली. इंग्रजी असल्यामुळे अर्ध्या लोकांनी कौतुक केलं. उरलेल्या अर्ध्यांत बाळाची आई होती.

जुना_खोड

सगळे २००५नंतरचं लिहिताय. पहिला नाताळ १९६५चा. मालिका तेव्हा शनिवारी लागायची आणि त्या वर्षी २५ डिसेंबरला शनिवारच आला. डॅलेक या खलनायकांची बारा भागांची गंभीर कथा चाललेली, त्यात सातवा भाग 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' म्हणून निव्वळ धुडगूस: लिव्हरपूलची पोलीस चौकी, मग मूकपटांच्या काळातलं हॉलिवूड. शेवटी पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल पेला उंचावून थेट कॅमेऱ्याकडे वळतो आणि घरी बसलेल्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा देतो. चित्रफीत बीबीसीने पुसली. तेव्हा घरोघरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसणाऱ्या पोरांमुळे आवाज तेवढा उरला.

मी तो आवाज ऐकलाय. धागाकर्तीचं म्हणणं साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. शुभेच्छा घरी बसलेल्यांना आहेत, डॅलेकची कथा लक्षात ठेवणाऱ्यांना नाहीत.

नवखा_प्रेक्षक

मी एकही भाग पाहिलेला नाही. येत्या रविवारी वडिलांबरोबर काहीतरी बघायचंय. ते पंधराव्या मिनिटाला झोपतात. कुठून सुरुवात करू?

पेरूची_फांदी

२०१०चा 'अ ख्रिसमस कॅरल'. मागचं काहीच माहीत नसलं तरी चालतं. डिकन्सचीच चौकट आहे, खडूस म्हातारा मायकेल गॅम्बन आहे, आणि धुक्यात मासे पोहतात.

नाही_पटलं

हा मात्र मलाही पटलेला. त्यात एक सुरेख कल्पना आहे, हिवाळ्याच्या ऐन मध्यावर लोक थांबून एकमेकांना मिठी मारतात, निम्मा अंधार सरला म्हणून. स्कॉटलंडात दुपारी साडेतीनला दिवे लावताना ती कळते. @नवखा_प्रेक्षक, वडिलांना शार्क येईपर्यंत जागं ठेवा. पुढचं ते स्वतः बघतील.

नवखा_प्रेक्षक

शार्क??